जाफराबादहून आणलेला नायट्रोजन

जालन्याला माणसं कशासाठी जातात हे मला पुण्यात बऱ्याच जणांनी सांगितलं. बी-बियाणं घ्यायला, लोखंडी सळया घ्यायला, मोसंबीची बाग बघायला किंवा सोयरीक जमवायला. मी एका साखळीला दुसरी साखळी जोडायला चालले आहे म्हटल्यावर मात्र कोणी पुढे काही विचारलं नाही.

नवं शतक लागून चार-पाच वर्षं झाली होती. मी पुण्यातल्या एका प्रयोगशाळेत बहुवारिकांवर पीएच.डी. करत होते. बहुवारिक हे सरकारी मराठीत. बाकीच्यांच्या मराठीत पॉलिमर. पॉलिमर म्हणजे बारीक रेणू एकामागे एक जोडून झालेली लांबलचक साखळी. मला हवी होती ती दोन तुकड्यांची साखळी, अर्धी पाण्याला जवळ करणारी आणि अर्धी पाण्याला दूर ठेवणारी. तिला ब्लॉक कोपॉलिमर म्हणतात. सरकीवर याचा पातळ पापुद्रा चढवला तर औषध बियाला धरून राहतं, पेरणाऱ्याच्या हाताला लागत नाही आणि ओल आली की पाणी आत जातं, असं मी माझ्या प्रबंधात लिहिलं होतं. प्रबंधात बरंच काही लिहिलेलं असतं.

ही साखळी वाढवायची ती मुक्तमूलकांच्या रीतीने. मुक्तमूलक म्हणजे ज्याच्या टोकाचा एक हात मोकळा आहे असा रेणू. समोर येईल त्याचा हात धरत तो वाढत जातो. साध्या पद्धतीत हा सगळा कारभार सेकंदभरात उरकतो. दोन मोकळे हात एकमेकांना भेटले की साखळी तिथेच संपते आणि तिला पुढे दुसरा तुकडा जोडता येत नाही. म्हणून त्यात गंधकाचं एक संयुग घालतात. ते साखळीच्या टोकाला बसून राहतं, तिला संपू देत नाही आणि बेताबेताने वाढू देतं. त्याचा रंग सुंदर गुलाबी आणि वास सडक्या कोबीचा. सात वर्षं मी तो वास अंगाला लावून घरी जात होते, आणि माझं लग्न का जमत नाही हे विचारायला आई ज्योतिषाकडे जात होती.

या कामाला वैरी एकच, हवेतला ऑक्सिजन. मोकळा हात सगळ्यात आधी त्यालाच धरतो आणि वाढ थांबते. म्हणून आधी नायट्रोजनचे बुडबुडे सोडून चंबूतली हवा हाकलायची, मग बूच घट्ट लावायचं आणि गरम पाण्यात ठेवून द्यायचं. पुढच्या सगळ्या प्रवासाचं कारण हा नायट्रोजन.

माझी फेलोशिप मार्चअखेर संपत होती. ती वर्षभर वाढायची तर एखाद्या उद्योगाचं पत्र हवं होतं, की हे संशोधन आमच्या कामाचं आहे. पत्र नाही तर वर्ष नाही, आणि वर्ष नाही तर सात वर्षांचा प्रबंध कपाटात. नवीन जालन्यातल्या एका बियाणे कंपनीच्या मालकांनी, म्हणजे आण्णांनी, पत्र द्यायची तयारी दाखवली, पण एका अटीवर. पहिला तुकडा पुण्याहून आणा, दुसरा मात्र माझ्या लॅबमध्ये, माझ्या डोळ्यांसमोर जोडून दाखवा. आदल्या वर्षी कोणी एक तज्ज्ञ त्यांना बाटलीतून 'परदेशी पॉलिमर' दाखवून गेला होता, आणि तो रंगवलेला डिंक निघाला होता.

नवीन जालना, सोमवार

एस.टी.च्या प्रवासाचं वर्णन करत नाही. ज्यांनी केला आहे त्यांना नको असतं आणि ज्यांनी केला नाही त्यांना पटत नाही. पिशवीत गुलाबी पावडरची डबी होती, तोच पहिला तुकडा. बाकी रसायनांच्या बाटल्या ट्रान्सपोर्टने आधीच पोचल्या होत्या.

आण्णा पन्नाशीचे, पांढरा शर्ट, खिशात भिंग. बी दिसलं की ते आधी भिंगातून बघतात आणि मग दाताखाली धरतात. माझी गुलाबी पावडर त्यांनी भिंगातून बघितली. पुढचा टप्पा मी डबी बंद करून टाळला.

"तुमचा गॅस आणून ठेवला," ते म्हणाले. कोपऱ्यात सिलिंडर उभा होता. अंग काळं, गळा पांढरा. मी जवळ जाऊन वाचलं. ऑक्सिजन.

"आण्णा, मी नायट्रोजन लिहिलं होतं."

"न्हाई भेटला. फॅब्रिकेशनवाल्याकडं हाच व्हता. आजच भरून आल्ता, एकदम फुल हाय."

पुण्यात दुकानदार वस्तू नसली तर 'नाही' म्हणतो आणि असली तरी तेच म्हणतो. जालन्यात पाहुण्याला 'नाही' म्हणणं बरं दिसत नाही, म्हणून जे असेल ते देतात. जगातल्या सगळ्या वायूंपैकी मला जो एक नको होता, तो त्यांनी हौसेने, काठोकाठ भरून आणला होता. मी आभार मानले.

नायट्रोजन छत्रपती संभाजीनगरहून, म्हणजे तेव्हाच्या औरंगाबादहून, मागवता आला असता, पण तो शनिवारी येणार होता आणि मला गुरुवारी संध्याकाळी निघायचं होतं. मी डोक्याला हात लावून बसले होते, तेव्हा दारातून आवाज आला. "नायट्रोजन म्हंजे तेच ना, ज्याच्यातून धूर निघतो? आमच्या केदारखेड्याच्या गुरांच्या दवाखान्यात राह्यतो की."

हे मारोतीमामा. उगवण खोलीचे कारभारी. उगवण खोलीत सरकी, तूर, मका यांचे दाणे ओल्या कागदात आणि झाकणाच्या डब्यांत ठेवतात, आणि किती उगवले ते मोजून कोणतं पोतं बाजारात जाणार ते ठरतं. मामा बावीस वर्षं त्याच खोलीत होते. त्यांनी सांगितलं ते खरं होतं. संकरित वळूंचं वीर्य गोठवून ठेवायला प्रत्येक गुरांच्या दवाखान्यात द्रवरूप नायट्रोजन असतो. रसायनशास्त्रातल्या दोन पदव्या घेतलेली बाई ते विसरली होती आणि मामांना त्यांच्या गायीमुळे ठाऊक होतं.

केदारखेडा, मंगळवार

सकाळी मामा आपल्याच गावी जायचं म्हणून नवं धोतर नेसून आले. जीपमध्ये पुढे चौघं, मध्ये सहा आणि मागे कोणी मोजत नाही. राजूरच्या गणपतीला सगळ्यांनी चालत्या गाडीतूनच हात जोडले. दोन्ही बाजूंना काळी जमीन, उपटून रचलेल्या कपाशीच्या पऱ्हाट्यांचे ढीग आणि उभी ज्वारी. फेब्रुवारीचं ऊन अजून अंगावर आलं नव्हतं.

दवाखान्याचे डॉक्टर तरुण होते. मी त्यांना साखळी, मोकळा हात, ऑक्सिजनचं वैर, सगळं नीट सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि विचारलं, "म्हणजे जनावर कोणतं?"

"जनावर नाही. सरकी."

त्यांनी रजिस्टर उघडून दाखवलं. नायट्रोजन बाहेर द्यायचा तर जनावराचा प्रकार लिहायचा रकाना होता, गाय, म्हैस, इतर. थोडा विचार करून त्यांनी 'इतर' लिहिलं. मग टाकीत काठी बुडवून बघितली आणि मान हलवली. तळाशी जेमतेम उरला होता. तो दिला तर वळू वितळले असते. "भरणारी गाडी आज जाफराबादला येते. चिठ्ठी देतो. आणि हा छोटा कंटेनर घेऊन जा, रिकामाच आहे. पण शनिवारच्या आत परत हवा."

मामांच्या घरी धपाटे आणि दही खाऊन आम्ही जाफराबादची वाट धरली. जाफराबादला आम्ही पोचलो तेव्हा गाडी उभी होती. गाडीवाल्याने चिठ्ठी वाचली, माझ्याकडे बघितलं, पुन्हा 'इतर' वाचलं आणि कंटेनर भरून दिला. सरकारी कामाचा इतका सुरळीत अनुभव मला त्याआधी आला नव्हता.

खरी पंचाईत परतीच्या जीपमध्ये झाली. त्या भागात तो कंटेनर शेंबड्या पोरालाही ओळखू येतो. मांडीवर तो, झाकणाच्या फटीतून निघणारा पांढरा धूर आणि धरून बसलेली पुण्याची बाई. पुरुष मंडळी एकदम खिडकीबाहेर बघू लागली. समोरच्या आजींना तसलं काही वाटलं नाही.

"बाई, कोणता हाय याच्यात? जर्सी का व्हलस्टन?"

"काहीच नाही आजी. नुसता नायट्रोजन आहे."

"आसं कसं? रिकामा डबा कोणी मांडीवर घेऊन बसतं का?" त्यांनी मामांकडे बघितलं. मामांनी नजर खाली घातली. "आमची गाय दोन बारी उलटली, गाभण न्हाई राह्यली. घर रस्त्यालाच हाय. उतरा, जल्दी होईल."

मी काही बोलायच्या आत ड्रायव्हरने जीप थांबवली. गाय त्याच्या आत्याची होती, आणि आजी म्हणजे आत्या. गाडीतल्या कोणालाही घाई नव्हती. उलट दोघं-तिघं बघायला म्हणून उतरलेसुद्धा. शेवटी मामांनी सांगितलं, की ही बाई सरकीची डाक्टर आहे, गायीची न्हाई. उद्या केदारखेड्याच्या डॉक्टरांना मी स्वतः पाठवतो. आजींनी मला वरपासून खालपर्यंत बघितलं. सरकीला डॉक्टर लागतो हे त्यांना पटलेलं दिसलं नाही. सात वर्षांत माझ्या विषयाची इतकी थोडक्यात तपासणी कुठल्या समितीने केली नव्हती.

नवीन जालना, बुधवार

जालन्यात तेव्हा दिवसाचे कित्येक तास वीज जायची. कंपनीत इन्व्हर्टरची लाइन एकाच खोलीत होती, उगवण खोलीत, कारण आण्णांच्या मते माणसांनी अंधारात बसलं तरी चालतं, बियांनी बसू नये. म्हणून माझं गरम पाण्याचं भांडं मामांच्या डब्यांशेजारी मांडलं.

नायट्रोजन स्टीलच्या थर्मासमध्ये ओतला, तोंडावर भोकाचं रबरी बूच, त्याला सायकलच्या दुकानातून आणलेली व्हॉल्व्ह-ट्यूब, द्रवाचा होणारा वायू चंबूत नेणारी. मामांनीच ती आणली, मामांनीच थर्मास धरला. चंबूत गुलाबी पावडर विरघळलेली, त्यात दुसऱ्या तुकड्याचं रसायन, आणि आतून बुडबुडे. तासाभराने, नऊच्या सुमारास, मी बूच पक्कं केलं आणि चंबू सत्तर अंशांच्या पाण्यात सोडला.

मग आण्णांच्या ऑफिसात बसून मी बियांच्या पाकिटाच्या मागे साखळी काढून त्यांना बराच वेळ समजावलं. त्यांनी चांगले प्रश्न विचारले. संध्याकाळपर्यंत पातळ द्रावण काकवीसारखं घट्ट व्हायला हवं, तसं झालं की दुसरा तुकडा जोडला गेला, हे त्यांना बरोबर कळलं. चंबूवर मी आधीच मोठ्या अक्षरात 'उघडू नये' अशी चिठ्ठी चिकटवली होती. आमच्या प्रयोगशाळेत अशा चिठ्ठ्या सगळ्याच वस्तूंवर असतात, टेबलावर, कपाटावर, एका मोडक्या पंख्यावरसुद्धा. त्या कोणी वाचत नाही, पण दुसऱ्याच्या भांड्याला हातही कोणी लावत नाही. दुसऱ्याचा प्रयोग जळत असला तरी आम्ही शिष्टाचार पाळून शेजारून निघून जातो.

दुपारी आण्णांच्या घरी जेवायला जावं लागलं. येसराची आमटी, ज्वारीची भाकरी, वांगी आणि "तुम्ही तर काहीच खाल्लं न्हाई" हे पाच वेळा. तिसऱ्या भाकरीनंतर मी प्रयोगाची काळजी करणं सोडून दिलं. परत यायला साडेचार वाजले.

चंबूतलं द्रावण पाण्यासारखं पातळ होतं. सकाळी होतं त्याहून तसूभरही घट्ट नाही. मी चंबू उचलून तिरका केला. बूच नीट बसलेलं होतं, फक्त माझ्या पद्धतीने नाही. माझी चिठ्ठी कडेला, घडी घालून, जपून ठेवलेली होती.

"कोणी उघडलं हे?"

"मीच," मामा म्हणाले. "धा वाजता न् चार वाजता, दोन्ही टायमाला. बंद डब्यात बी कुजतं मॅडम. या खोलीत समद्याला दोन वेळा हवा द्यावी लागती. तुमच्याला जरा जास्तच दिली, लई कोंदट वास मारून राह्यलं व्हतं."

"चिठ्ठी लिहिली होती ना मी? वाचता येतं ना तुम्हाला?"

"वाचली की. ती समद्या डब्यांवर राह्यती. बाहेरच्यांसाठी."

मी वळून बघितलं. खरंच, प्रत्येक डब्यावर 'उघडू नये' होतं. मग मी आण्णांसमोर मामांना बोलले. काय बोलले ते लिहीत नाही. सात वर्षं, मार्च, पत्र, सगळं त्यांच्यावर काढलं. मामांनी डब्यांची झाकणं नीट केली आणि बाहेर जाऊन उभे राहिले.

आण्णा शांतपणे म्हणाले, "मंग झालं म्हणायचं का तुमचं?"

"उद्या सांगते," मी म्हणाले. लॉजवर गेल्यावर मला लाज वाटायला लागली. मी आण्णांना पाकिटावर चित्र काढून सगळं समजावलं होतं. केदारखेड्याच्या डॉक्टरला समजावलं होतं. जीपमधल्या आजींनाही समजावायला निघाले होते. ज्या माणसाने मला नायट्रोजन मिळवून दिला आणि हातात थर्मास धरून तासभर उभा राहिला, त्याला मी एक अक्षर सांगितलं नव्हतं. आमच्याकडे मदतनिसाला कोणी सांगत नाही, त्यामुळे ते राहून गेलं हे माझ्या लक्षातही आलं नव्हतं.

नवीन जालना, गुरुवार

सकाळी उगवण खोलीत मामा माझ्याआधी हजर होते. चंबूला त्यांनी हात लावला नव्हता. मी म्हणाले, "मामा, काल मी चुकीचं बोलले. तुम्हाला आधी सांगायला हवं होतं." आणि पाकिटाच्या मागे पुन्हा तेच चित्र काढलं. मोकळा हात, ऑक्सिजन, टोकाला बसलेलं गंधक.

त्यांनी चित्र बराच वेळ बघितलं. "म्हंजे आमच्या बियाला हवा लागती, न् तुमच्याला बिलकुल चालत न्हाई."

"हो."

"मंग काल म्या हवा दिली तर साखळी मेली का?"

मी उत्तर द्यायला तोंड उघडलं आणि चंबूकडे बघितलं. द्रावण अजून गुलाबी होतं. तो रंग गंधकाच्या संयुगाचा, आणि ते साखळीच्या टोकाला बसलेलं असतं. रंग आहे म्हणजे टोकं जागेवर आहेत. हवेने वाढ थांबवली होती. साखळ्या संपवल्या नव्हत्या. हे मला पुस्तकातून सात वर्षं माहीत होतं. कालच्या रागात ते आठवायला जागाच राहिली नव्हती.

"मेली नसावी," मी म्हणाले.

थर्मासच्या तळाशी राहिलेला आणि कंटेनरमधला उरलासुरला नायट्रोजन एकत्र केला. चिमूटभर सुरुवात करून देणारं रसायन घातलं, पुन्हा तासभर बुडबुडे, पुन्हा बूच. या वेळी बूच मामांनी बांधलं, पोत्याच्या सुतळीने, आणि शेजारी स्टूल टाकून बसले. दहा वाजता त्यांनी बाकीच्या सगळ्या डब्यांना हवा दिली. अकरा वाजता आण्णा भिंग घेऊन आले आणि सवयीने सुतळीला हात घातला.

"हात लावू नका आण्णा," मामा म्हणाले. बावीस वर्षांत त्यांनी मालकाला असं बहुतेक पहिल्यांदाच सांगितलं असावं, कारण आण्णा खरंच दोन पावलं मागे सरले.

दुपारच्या जेवणाला मी गेले नाही. आण्णांच्या घरून काकूंनी डबा पाठवला. तो मामांनी आणि मी स्टुलाशेजारी खाल्ला. दोनच्या सुमारास चंबू तिरका केला तर द्रावण काचेला धरून हळू खाली आलं. साडेतीनला काकवी झाली. थोडी काचेवर ओतून वाळवली आणि मामांनी नखाने टोक धरून उचललं. गुलाबी पापुद्रा अखंड निघून आला. त्यांनी तो ओढून बघितला, वाकवून बघितला, पाण्यात बुडवून बघितला. तो मऊ झाला पण विरघळला नाही. आण्णांनी तो भिंगातून बघितला आणि मी डोळे मिटले, कारण पुढे काय होणार हे मला माहीत होतं. त्यांनी तो दाताखाली धरला.

"डिंक न्हाई," ते थुंकून म्हणाले.

पत्रावर त्यांनी तिथेच सही केली. घडी घालताना म्हणाले, "मॅडम, खरं सांगू का, तुमची साखळी मला काही दिसली न्हाई. घट्ट तर डिंक बी होतो. पण त्या मागच्या माणसाचं बिघडलं तेव्हा तो दुपारच्या गाडीनं निघून गेल्ता. तुमचं काल बंद पडलं ते आज त्याच भांड्यात परत सुरू झालं, हे मी बघितलं. मामानं बूच काढलं नसतं तर मी सही केली नसती."

मामा तेव्हा झाकणं उघडून बियांना चारची हवा देत होते.

पुणे

वर्ष मिळालं. कंटेनर शनिवारच्या आत केदारखेड्याला पोचला. आजींच्या गायीकडे डॉक्टर जाऊन आले, असं मामांनी फोनवर सांगितलं. पापुद्रा चढवलेली सरकीही त्यांनी उगवायला टाकली होती. "साध्या बियाइतकीच उगवली. कमी न्हाई, जास्त न्हाई." माझ्या संशोधनाचं याहून प्रामाणिक परीक्षण मला मिळालं नाही.

जालन्यात झालं ते मी पुण्यात मुद्दाम पुन्हा केलं. वाढ सुरू असताना हवा आत सोडायची, थांबवायची, हवा काढून परत सुरू करायची. साखळ्यांची टोकं टिकून राहतात याचा तो सगळ्यात साधा पुरावा ठरला आणि त्यावर प्रबंधाचं शेवटचं प्रकरण उभं राहिलं. तोंडी परीक्षेत बाहेरून आलेल्या परीक्षकांना तेवढं एकच प्रकरण आवडलं. त्यांनी विचारलं, "हा प्रयोग तुम्हाला सुचला कसा?"

मी आधीच्या संशोधनाचा आढावा घेत पाच मिनिटं उत्तर दिलं. गाईड मान डोलावत होते. त्या सगळ्या प्रबंधात रंगवलेला डिंक असेल तर तो एवढाच. ऋणनिर्देशात मी अठरा नावं लिहिली आहेत, त्यात आमच्या मोडक्या पंख्याला तेल घालणाराही आहे, पण एक नाव नाही. मला पदवी मिळून आता बरीच वर्षं झाली, आणि छापलेला प्रबंध बदलता येत नाही. म्हणून इथे लिहिते. तो प्रयोग मारोती शेजूळ यांचा, उगवण खोली, नवीन जालना.